केसरबाईच्या डब्याचं झाकण

वाल्मिक सोनवणेचा हात सैल होता. सिल्वासात आमलीच्या बाजूला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहावं एवढंच. पण तिथं आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय तो सोडत नसे. चार स्क्रूंची गरज असली तर पाचवा कागदात बांधून देई. घरी शेवभाजी असली की पाहुण्याच्या ताटात तर्रीचा असा ओघ सोडी, की पाहुण्याला ताटावर हात आडवा धरावा लागे. ही सवय आईची, केसरबाईची. शिरपूरकडच्या त्यांच्या घरात पीठ मोजून मळलं जायचं, पण वाढताना हात आखडलेला तिला खपत नसे.

धंद्यातही त्याचा हात तसाच चाले. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा असतो, सगळं डोकं तो चालवतो आणि सगळ्यात जास्त तापतोही तोच. त्याच्यावर धातूचा ठोकळा बसवतात, उष्णता ओढून घ्यायला. त्याला हिटसिंक म्हणतात आणि त्याच्यावर पंखा असतो. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मधे बारीक फटी राहतात, फटीत हवा राहते, आणि हवा उष्णता पुढं जाऊ देत नाही. त्या फटी भरायला पेस्ट लावतात. बाकीचे कारागीर दाण्याएवढी लावत. वाल्मिक भाकरीवर लोणी फासावं तशी फासायचा. ठोकळा दाबला की कडेनं बाहेर आलेली फडक्यानं पुसून टाकायचा. चौदा वर्षांत त्यानं कुणाचं नुकसान झालं नव्हतं. साध्या पेस्टचं तेवढं बरं असतं, जास्त झाली तरी ती वाया जाते, दुसरं काही करत नाही.

कामाला बाहेर गेला तरी त्याच्या पिशवीत आईचा डबा असे. ॲल्युमिनियमचा, गोल, घासून घासून पांढरा पडलेला. सारंगखेड्याच्या यात्रेत नाव घालणाऱ्याकडून तिनं झाकणावर नाव कोरून घेतलं होतं, 'केसरबाई रामा सोनवणे'. जेवण झालं की वाल्मिक झाकण पुसून घेई आणि काम करताना त्यात स्क्रू ठेवी, म्हणजे ते घरंगळत नसत. मंजुषा, त्याची बायको, यावरून त्याला रोज बोले. "ज्यात जेवता त्यातच लोखंड ठेवता, काय माणूस आहे!" तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचा.

केसरबाई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात तिनं थोरल्याचं मनगट धरून एवढंच सांगितलं होतं, "समाधानले सांभाळजो रे भाऊ." समाधान म्हणजे धाकटा, वाल्मिकहून सोळा वर्षांनी लहान. वाल्मिकनं त्याला गावाहून आणलं आणि मसाटला एका कापडाच्या कंपनीत चिकटवलं. ओळख होतीच, तिथले बारा कॉम्प्युटर वाल्मिकच बघायचा. समाधान हॉट ऑइलच्या भट्टीवर लागला. तिथं तेल अडीचशेच्या वर तापवून जाड पाइपांतून कापड सुकवायच्या यंत्राला पुरवतात. भट्टीची आग कमीजास्त करायची आणि आकडा फार चढला की भोंगा वाजवायचा, हे काम एका कॉम्प्युटरकडे होतं. पाइपावर काट्याचं जुनं घड्याळ होतं तापमानाचं, पण त्याची काच तेलकट धुरानं पिवळी पडली होती आणि त्याच्याकडे कुणी बघत नसे. आग आपोआप तोडणारं एक वेगळं बटणही होतं. ते ऊठसूट भट्टी बंद पाडतं म्हणून कुणीतरी त्याच्या दोन तारा परस्पर जोडून ते निकामी करून ठेवलं होतं. कंपनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी मे महिना असा तापला की मसाटच्या शेडमधले पत्रे दुपारी कडकड वाजत. भट्टीजवळचा कॉम्प्युटर रेंगाळू लागला. कंपनीचे इंजिनिअर जयवंत साहेब, मूळचे रत्नागिरीचे, बोलायला सौम्य. त्यांनी वाल्मिकला फोन केला.

"वाल्मिक, त्या भट्टीच्या कॉम्प्युटरचं कायमचं काहीतरी बघ बाबा. दुपार झाली की अडखळतो. नवीन मागवलाय, पण तो यायला दिवाळी उजाडेल."

"बघतो साहेब. सोमवारी तुमची सुट्टी, तेव्हा येतो."

"आणि हे बघ, तुझ्या भावाचे कागद पुढे पाठवलेत, परमनंटसाठी. तुझ्या कामाकडे बघून पाठवलेत हां."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. वाल्मिकनं मात्र ते मनात धरलं. सोमवारी निघताना तो पेस्टच्या खणासमोर उभा राहिला. पांढरी पेस्ट स्वस्त, पण मसाटच्या उष्णतेत आठ महिन्यांत तिचा खडू होतो. करडी चांगली, दोन वर्षं निघतात. तिसरी मात्र त्याच्या दुकानातली नव्हतीच. प्रमिला मॅडमच्या ललितनं, त्या शाळामास्तरणीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं, आपल्या गेमच्या लॅपटॉपसाठी ती बाहेरून मागवली होती आणि उरलेली इथंच ठेवून गेला होता. पेस्ट कसली, पाऱ्यासारखा पातळ, चकचकीत धातूच होता तो, बारक्या सिरिंजमध्ये भरलेला. ललितच्या लॅपटॉपचं तापमान तिनं एका झटक्यात वीस अंशांनी उतरवलं होतं.

"काका, ही फक्त तांब्याला लावायची," ललितनं तेव्हा बजावलं होतं. "ॲल्युमिनियमला लागली तर आतून खाऊन टाकते. आणि थेंबभरच, जास्त नाही."

"आम्ही काय काल धंद्यात आलो का भो?" वाल्मिक म्हणाला होता.

त्यानं ती सिरिंज पिशवीत टाकली. भावाच्या भट्टीला भारीतली भारी वस्तू लावायची, यात त्याला वावगं काहीच दिसलं नाही.

कंपनीत शुकशुकाट होता. त्यानं ठोकळा काढला, जुनी पेस्ट खरवडली आणि तळ पॉलिश पेपरनं घासला. तळ मधोमध तांब्याचा होता, चांगला रुपयाएवढा गोल, लालसर. त्याच्या भोवती ॲल्युमिनियम होतं. तांबं आहे, त्यानं मनाशी म्हटलं, आणि ललितचं बोलणं तिथंच मिटवून टाकलं. सिरिंज दाबली. थेंब आला. तो थेंब त्याला गरिबाघरच्या तुपासारखा वाटला, म्हणून त्यानं आणखी दाबली आणि चमकता धातू कापसाच्या काडीनं कडेपर्यंत पसरवला. हात उचलताना सिरिंजच्या टोकाचा एक मणी शेजारच्या, अजून न उघडलेल्या डब्याच्या झाकणावर पडला, नेमका कोरलेल्या नावावर. त्यानं बोटानं पुसला तर तो अक्षरांत शिरला. मग पॉलिश पेपरनं खसाखसा घासला. गेला असं वाटलं.

कॉम्प्युटर सुरू केला. आधी दुपारी चौऱ्याण्णवला जाणारा प्रोसेसर अठ्ठावन्नला स्थिर झाला. वाल्मिकनं तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, सतत दिसेल असा लावून दिला आणि संध्याकाळी समाधानला फोनवर म्हणाला, "रोज मला आकडा सांगत जा."

मंगळवारी समाधानचा फोन आला. "दादा, आकडा त्रेसष्टच शे. एकदम थंडा."

त्याच रात्री भांडी घासताना मंजुषा म्हणाली, "हे झाकण काळं सोडतंय हो. किती घासलं तरी हाताला लागतं." वाल्मिक मोबाइलमध्ये होता. पावडर बदल म्हणाला.

बुधवारी आकडा एकोणऐंशी झाला होता. साहेबांना सांगून भट्टी बंद करवावी आणि ठोकळा उघडून बघावा, असं एकदा मनात आलं. पण दोन दिवसांपूर्वी कायमचं काम केलं असं सांगून आलो, आता काय तोंडानं सांगायचं? "उन्हाळा आहे रे," तो म्हणाला. समाधाननं ते लगेच मान्य केलं. दादानं केलेलं काम, त्याला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांनी वाल्मिकनं दुकानात डबा उघडायला घेतला. झाकण घट्ट बसायचं, म्हणून तो नेहमी अंगठ्यानं मधे दाबून फिरवायचा. आज दाबलं आणि अंगठा आत गेला. आवाज झाला नाही. झाकण वाकलं नाही की तुटल्यासारखं कडकन मोडलं नाही, ओल्या बिस्किटासारखं आत खचलं. आईच्या नावाच्या जागी भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा करड्या, भुसभुशीत झाल्या होत्या. त्यानं कडेचा तुकडा चिमटीत धरला तर त्याचा चुरा झाला. तो चुरा भाजीवर पडला.

एका मण्यानं तीन दिवसांत एवढं केलं होतं. आणि तिकडं भट्टीच्या कॉम्प्युटरमध्ये त्यानं किती ओतला होता, तेही कडेपर्यंत, ताज्या घासलेल्या ॲल्युमिनियमवर, तापलेल्या प्रोसेसरच्या डोक्यावर!

कॉम्प्युटर बंद पडला तर बरं, असं तो पुटपुटत होता. पडदा काळा झाला तर पोरं हातानं भट्टी विझवतील. पण तापलेला कॉम्प्युटर दर वेळी बंद पडत नाही. कधी कधी तो हँग होतो. मग पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो, हिरवागार, सगळं ठीक असल्यासारखा. आग कमी करायचा हुकूम जात नाही, भोंगा वाजत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला काही कळत नाही. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा असतात, त्यामुळं समाधानला सांगायची सोय नव्हती. जयवंत साहेबांचा फोन वाजून वाजून थांबला. वाल्मिकनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली.

खानवेलच्या रस्त्याला ट्रकांची रांग होती. कडेच्या धुळीतून, हॉर्नवर बोट ठेवून, तो बारा पस्तीसला गेटवर पोचला.

गेटवर नथू होता, सुरंगीचा म्हातारा वॉचमन, वाल्मिकला वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यानं रजिस्टर पुढं केलं. नाव, वेळ, आणि येण्याचं कारण.

पेन हातात घेईपर्यंत वाल्मिकला कारण लख्ख ठाऊक होतं. पण ते लिहायचं म्हणजे काय लिहायचं? माझ्या हातून चूक झाली, भट्टी बंद करा? पाठोपाठ बारा कॉम्प्युटरांचं काम हातचं जाईल, मसाटमधल्या दुसऱ्या कंपन्यांत बोभाटा होईल. आणि समाधानचे कागद त्याच्या कामाकडे बघूनच पुढं गेले होते. आत जाऊ, हळूच ठोकळा बदलू, करडी पेस्ट लावू, कुणाला कळायचंही नाही. त्यानं लिहिलं, 'रूटीन सर्व्हिस'.

नथूनं ते वाचलं. "साहेब जमवा गया छे, जेवाया. ते आल्याबिगर सर्व्हिसवाल्याला आत सोडाया मना हाय. बस." मग त्यानं वाल्मिकच्या घामेजल्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "अर्जंट असल तर बोल. मी सोडतो तुला. माझ्या जिम्म्यावर."

"नाही," वाल्मिक म्हणाला. "अर्जंट असं काही नाही."

आणि तो बाकावर बसला. हे वाक्य आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना, पण बोलला होता. नथूनं माठातलं पाणी दिलं. वाल्मिक ते प्यायला. चिमणीतून निघणारा धूर तो बघत राहिला. धूर नेहमीपेक्षा काळा आहे का? की रोज असाच असतो आणि आपण कधी बघितलाच नाही? दोनदा तो उठला आणि दोनदा बसला. उठला की वाटे सांगून टाकावं, आणि बसला की वाटे आता येतीलच साहेब, पाच मिनिटांसाठी कशाला. अशी पाच मिनिटं गेली, मग आणखी पाच. तुम्हाआम्हाला ती मूर्खपणाची वाटतील, आणि ती होतीच. बाराला भावाचा जीव आठवून ट्रकांमधून गाडी घालणारा माणूस साडेबाराला अब्रू सांभाळत बाकावर बसला होता.

जयवंत साहेब सुपारी चघळत आले तेव्हा बारा अठ्ठावन्न झाले होते. "अरे, बसलास कशाला? जा की आत."

वाल्मिक चालत निघाला आणि वळण घेतल्यावर पळत सुटला. भट्टीच्या शेडमध्ये समाधान स्टुलावर बसून कागदावर आकडे उतरवत होता. भावाला बघून त्याचं तोंड फुललं.

"दादा! तू आठे कसा? जेवण जयं का?"

वाल्मिकनं पडद्याकडे पाहिलं. तेल दोनशे बासष्ट, हिरव्या अक्षरांत. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव. आणि शेजारच्या घड्याळात बारा एकेचाळीस.

त्यानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. एक वाजायला मिनिट कमी होतं. तो पुन्हा पडद्याकडे वळला. बारा एकेचाळीस. मग तो पाइपावरच्या जुन्या घड्याळाकडे धावला आणि बाहीनं काच पुसली. काटा लाल पट्ट्याच्या पार पलीकडं जाऊन टेकला होता. पाइपाच्या सांध्याशी तेलाची एक बारीक धार धुरकटत होती.

"समाधान, आग तोड! आग तोड!"

समाधाननं एकदाही का म्हणून विचारलं नाही. दादा सांगतो म्हणजे तोडायची. आगीचा मुख्य कॉक त्या सांध्याच्या बाजूलाच होता. तो पळत गेला, दोन्ही हातांनी त्यानं कॉक फिरवला, तो पुरता बंद केला, आणि त्याच क्षणी सांधा सुटला.

तो वाचला. अडीच महिने दवाखान्यात होता, आधी इथल्या आणि मग वापीच्या. तोंड आणि छाती वाचली, कोपरापासून खाली दोन्ही हात तेलानं भाजून गेल्यात जमा. बोटं आहेत, पण मिटत नाहीत. चौकशी झाली. सांध्यातली गॅस्केट, गळती रोखणारी चकती, जुनी होती, तोडबटणाच्या तारा जोडलेल्या होत्या, असं कागदावर आलं. कॉम्प्युटरकडे कुणी पाहिलं नाही. तपासायला म्हणून वाल्मिकच तो दुकानात घेऊन गेला. ठोकळा उचलला तेव्हा तळाचा कडेचा भाग बोर्डावरच राहिला, ओल्या राखेसारखा. त्यानं नवीन ठोकळा बसवून कॉम्प्युटर परत दिला. जुना खणात ठेवला, आईच्या झाकणाशेजारी. मंजुषानं झाकण कुठंय विचारलं तेव्हा गडबडीत हरवलं म्हणाला.

आता समाधान दुकानात बसतो. आलेल्या माणसाशी बोलतो, नाव विचारतो, मंजुषानं आणलेला चहा द्यायला सांगतो. वाल्मिक मागं मान खाली घालून काम करतो. पेस्ट तो आता दाण्याएवढीच लावतो, टूथपिकच्या टोकानं, आणि लावून झाली की पुन्हा एकदा बघतो. घरीही वाढताना त्याचा हात पळीतून थोडंसंच सोडतो. खान्देशातून आलेल्या पाहुण्यांना ते खटकतं, पण बोलत कुणी नाही.

गिऱ्हाईक नवीन असलं की ते समाधानच्या हातांकडे बघतं आणि समाधान आपणहून सांगायला लागतो. त्याला ते सांगायला आवडतं. दादाला मनातून कसं काय कळलं, दादा दुकान टाकून कसा आला, आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर सगळी शेडच गेली असती. "दादा धावत उना म्हणून मी आज शे," हे त्याचं शेवटचं वाक्य. प्रत्येक वेळी तेच. वाल्मिक तेव्हा पंख्याचा स्क्रू काढत असतो किंवा काढल्यासारखं करतो.

गेल्या आठवड्यात नथू आला. नोकरी सुटली होती त्याची, नातीला शाळेतून मिळालेला टॅब बंद पडला म्हणून घेऊन आला. समाधाननं त्याला स्टूल दिलं, मामा म्हणाला, चहा मागवला आणि मग नथूची नजर हातांकडे गेली म्हणून नेहमीसारखं सुरू केलं. नथू ऐकत राहिला. गोष्ट शेवटच्या वाक्याशी आली.

"धावत?" नथू म्हणाला.

"हां मामा, धावत. गेटवर तुम्हीच होतात ना तव्हय?"

नथूनं समाधानच्या खांद्यावरून मागं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो नुसता वाट बघत होता, त्या दिवशी रजिस्टर पुढं करून बघितली होती तशी. वाल्मिकच्या हातातलं टूथपिक थांबलं. या वेळीही तो काही बोलला नसता तरी म्हातारा चहा पिऊन निघून गेला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं खण ओढला. चुरा झालेला ठोकळा आणि भोक पडलेलं झाकण काढून समाधानपुढं ठेवलं. "भट्टीच्या कॉम्प्युटरला चुकीची पेस्ट मीच लावली होती," तो म्हणाला. "चूक कळली म्हणून आलो. आणि गेटवर बसलो होतो. नथूबाबा सोडत होते मला. मीच म्हटलं, अर्जंट नाही."

समाधाननं झाकणाकडे पाहिलं. नावातला 'केस' तेवढा शिल्लक होता. चहाचा ग्लास त्याला दोन्ही मनगटांत धरावा लागतो, त्यामुळं तो खाली ठेवायला त्याला वेळ लागला.

"कितला वेळ?" त्यानं विचारलं.

"तेवीस मिनिटं," वाल्मिक म्हणाला.